तारीख झिजून गेलेल्या माया शिल्पाचा काळ कसा ठरवतात?

प्रश्न असा आहे: माया शिल्पांच्या अभ्यासक तात्याना प्रोस्कुरियाकॉफ यांनी मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या शिल्पांचा काळ केवळ शैलीवरून ठरवला, हे खरेच शक्य आहे का? की तो जाणकार डोळ्याचा अंदाज म्हणायचा? आणि आता माया लिपी वाचता येते, तर शैलीच्या अभ्यासाची गरज काय उरली?

मी कलेतिहास शिकवतो आणि माया उठावशिल्प हा माझा अनेक वर्षांचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर: हो, शक्य आहे, पण ठरावीक मर्यादेत. बाईंनी शैलीवरून काळ दिला की त्यापुढे त्या 'दोन कातुन इकडे-तिकडे' अशी मोकळीक लिहीत. कातुन म्हणजे 7,200 दिवस, वीस वर्षांना थोडे कमी. म्हणजे साधारण चाळीस वर्षे अलीकडे किंवा पलीकडे. ज्या दगडावर अक्षर शिल्लक नाही, त्याच्याबद्दल इतके सांगता येणे ही मोठी गोष्ट आहे.

हे अंदाज का नाही, ते माया शिल्पांच्या एका भाग्यात आहे. अभिजात काळातल्या (साधारण इसवी सन 250 ते 900) माया राजांना तारखा कोरण्याचे विलक्षण वेड होते. त्यांची 'दीर्घ गणना' इसवी सनपूर्व 3114 मधल्या एका दिवसापासून एकेक दिवस मोजत येते. त्यामुळे शेकडो शिलास्तंभांवर नुसते वर्षच नाही, दिवससुद्धा वाचता येतो. ग्वातेमालातल्या तिकालचा 29 क्रमांकाचा स्तंभ इसवी सन 292 चा आहे आणि मेक्सिकोतल्या तोनिना इथल्या शेवटच्या स्तंभावर 909 सालची तारीख आहे. दोन्ही टोके पक्की आणि मधली सहा शतके तारीखवार दगडांनी भरलेली. जगातल्या फार थोड्या शिल्पपरंपरांना हे सुख आहे. आपल्याकडच्या वीरगळांवर काम करणाऱ्यांना विचारा. बहुसंख्य वीरगळांवर लेख नसतो. पोशाख, शस्त्रे आणि पट्टांची रचना पाहूनच काळ सुचवावा लागतो, आणि तो पडताळायला तारखेचे दगड हाताशी फार कमी असतात.

प्रोस्कुरियाकॉफ यांचा जन्म 1909 चा, सायबेरियातल्या तोम्स्क शहरातला. लहानपणी त्या कुटुंबासह अमेरिकेत आल्या, पेन्सिल्व्हेनियात वास्तुकलेचे शिक्षण घेऊन 1930 मध्ये पदवीधर झाल्या. तो मंदीचा काळ, वास्तुकाराला काम मिळत नव्हते. त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संग्रहालयासाठी रेखाटने करायला सुरुवात केली आणि 1936 मध्ये ग्वातेमालात उसुमासिंता नदीकाठच्या पिएद्रास नेग्रास इथल्या उत्खननावर गेल्या. माझ्या मते त्यांची सगळी पद्धत या रेखाटनाच्या सवयीतून आली आहे. जी व्यक्ती स्तंभावरचे प्रत्येक पीस, प्रत्येक गाठ कागदावर उतरवते, तिला 'भव्य', 'प्रमाणबद्ध', 'जोमदार' असल्या विशेषणांवर थांबता येत नाही. पीस कुठे वळले आहे, हे तिला ठरवावेच लागते.

माया शिल्पावरचा त्यांचा मोठा अभ्यास 1950 मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी केलेली गोष्ट सांगायला सोपी आणि करायला जीवघेणी आहे. स्तंभावरची राजाची आकृती त्यांनी सुट्या घटकांत मोडली: पायांची ठेवण, धडाचा कल, कर्णभूषणे, गळ्यातला पट्टा, कमरबंद, पुढे सोडलेला पटका, पादत्राणे, ढाल, हातातला राजदंड, शिरोभूषणातली पिसे. प्रत्येक घटकाचे जितके प्रकार सापडले, त्यांची यादी केली. मग तारीख असलेल्या दगडांवर कोणता प्रकार कधी दिसू लागतो, कधी सर्रास होतो आणि कधी नाहीसा होतो, याचे आलेख काढले. तारीख नसलेला दगड समोर आला की त्याच्यावरचा प्रत्येक घटक ज्याच्या-त्याच्या आलेखावर ठेवायचा आणि सगळे आलेख जिथे एकमेकांवर पडतात तो काळ घ्यायचा. एका घटकाने फसवले तरी पंधरा घटक मिळून सहसा फसवत नाहीत.

एक उदाहरण देतो, म्हणजे पुढच्या वेळी छायाचित्र पाहताना तुम्हालाही ते दिसेल. राजाचे पाय पाहा. आरंभीच्या बऱ्याच स्तंभांवर आकृती एका बाजूने दाखवलेली असते. दोन्ही पावले एकाच दिशेला, एक पाऊल दुसऱ्याला थोडे झाकणारे. पुढे सातव्या-आठव्या शतकात धड समोरून, चेहरा बाजूने आणि टाचा एकमेकींकडे करून पावले दोन्ही बाजूंना उघडलेली, ही ठेवण रूढ होते. आता पिसे पाहा. आधी ती ताठ आणि शिस्तीत मांडलेली असतात. नंतर लांबतात, वळतात, चौकटीच्या रिकाम्या जागेत पसरत जातात. शिल्पकाराला आता राजाइतकाच त्याच्याभोवतीच्या पिसाऱ्यात रस आहे, हे उघड दिसते.

या आलेखांतून बाईंना लाटा दिसल्या. 534 ते 593 च्या सुमारास अनेक नगरांत कोरीव स्तंभ अगदी विरळ होतात. त्यानंतर 593 ते 692 हा घडणीचा टप्पा, 692 ते 751 अलंकरणाचा आणि 751 ते 810 गतीचा: आकृत्या वाकू लागतात, झुंजू लागतात, एका दगडावर अनेक माणसे येतात. त्यापुढच्या टप्प्याला त्यांनी ऱ्हासाचा म्हटले. हा शेवटचा शब्द मला पटत नाही. नवव्या शतकातल्या दगडांवर नवे आकार, नवी मांडणी, कदाचित नव्या लोकांचा संपर्क दिसतो. त्याला ऱ्हास म्हटले की पाहणे तिथेच थांबते. पण टप्प्यांच्या सीमा त्यांनी जिथे आखल्या, त्या आजही कामाला येतात.

आता मर्यादा, कारण नवखे अभ्यासक इथे ठेचकाळतात. शैलीतला फरक नेहमीच काळाचा फरक नसतो. कित्येकदा तो दगडाचा असतो. होंडुरासमधल्या कोपानला ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला हिरवट खडक मिळतो. तो बऱ्यापैकी मऊ आणि सगळ्या बाजूंनी सारखा कोरता येतो, म्हणून कोपानचे राजे स्तंभातून जवळजवळ बाहेर पाऊल टाकतात. त्याच खडकात मधूनच कठीण गारगोटीच्या गाठी निघतात. शिल्पकारांनी त्या काही ठिकाणी तशाच ठेवल्या आहेत, कारण धातूची हत्यारे नव्हती आणि दगडी छिन्नीने त्या फोडताना भोवतालचे काम गेले असते. मेक्सिकोतल्या याश्चिलान आणि पालेंके या नगरांत चुनखडक आहे. खाणीतून काढल्यावर तो तुलनेने मऊ असतो, उघड्यावर कठीण होत जातो. त्यावर चित्रकाराच्या कुंचल्याची रेषा जशीच्या तशी उतरवता येते, म्हणून तिथे कमी उठावाची, रेषेवर जगणारी शिल्पे आहेत. तोनिनाला वालुकाश्म आहे आणि तिथे पुन्हा पूर्णशिल्पाकडे, म्हणजे सगळ्या बाजूंनी घडवलेल्या शिल्पाकडे ओढा दिसतो. मेक्सिकोतल्याच कालाकमुलला शंभराहून अधिक स्तंभ आहेत, पण तिथला चुनखडक इतक्या कमी प्रतीचा की बहुतेकांवरचे कोरीव काम पावसाने धुऊन नेले. कोपानचा पूर्णशिल्पासारखा राजा आणि याश्चिलानची पातळ रेषा शेजारी ठेवून कोण आधी, कोण नंतर असे विचारणेच चूक. ते दोघे समकालीन असू शकतात. तुलना आधी एका नगराच्या आत करायची, मग शेजारी, मग दूर.

दुसरी मर्यादा उलट बाजूची आहे. दगडावर तारीख स्वच्छ वाचता येते म्हणून तो त्याच वर्षी कोरला, असे होत नाही. याश्चिलानच्या 23 क्रमांकाच्या इमारतीतली तीन लिंटेल पाहा, म्हणजे दारांच्या वरच्या आडव्या शिळा. माझ्या मते माया शिल्पात यांच्या तोडीचे थोडेच आहे. 24 क्रमांकाच्या शिळेवर राजा इत्झामनाह बालाम मोठी मशाल धरून उभा आहे आणि त्याची राणी काबाल शोक गुडघ्यावर बसून काट्यांची दोरी स्वतःच्या जिभेतून ओढते आहे. खाली टोपलीत रक्ताने भिजलेल्या सालकागदाच्या पट्ट्या. प्रसंगाची तारीख 709. 25 क्रमांकाच्या शिळेवर रक्ताच्या पात्रातून महासर्प उठतो आणि त्याच्या जबड्यातून योद्धा डोकावतो. तारीख 681, राजाच्या राज्यारोहणाची. 26 वर राणी राजाच्या हाती जग्वारचे शिरस्त्राण देते. तारीख 724. तारखांवर विसंबलो तर वाटेल की त्रेचाळीस वर्षांत तीन पिढ्यांच्या शिल्पकारांनी हे काम केले. पण डोळा सांगतो की तिन्ही शिळा एकाच वेळच्या आहेत: जमीन खोल आणि सपाट उतरवण्याची तीच रीत, राणीच्या वस्त्रावरची तशीच नाजूक वीण, अक्षरांचे तसेच गोलावे. इमारत 725 च्या सुमारास पूर्ण झाली आणि शिळा तिच्यासाठीच कोरल्या गेल्या. राणीने आपल्या आयुष्यातले तीन क्षण मागे वळून निवडले आणि आपल्या इमारतीच्या तीन दारांवर बसवले. तारीख प्रसंगाची, शैली हाताची. दोन्ही वाचल्या तरच ही गोष्ट कळते.

या शिळा आज विखुरलेल्या आहेत. 24 आणि 25 लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, 26 मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात. संग्रहालयात त्या भिंतीवर उभ्या लावलेल्या दिसतात. मुळात त्या दारातून जाणाऱ्याच्या डोक्यावर आडव्या होत्या, कोरलेली बाजू खाली. मान वर करून पाहायच्या, जमिनीवरून परतलेल्या उजेडात. शिवाय त्या रंगवलेल्या होत्या. 24 क्रमांकाच्या शिळेवर लाल आणि निळ्या रंगाचे अंश अजून आहेत. हा माया निळा नीळ आणि एक खास पांढरी माती एकत्र तापवून करत, आणि तो शतकानुशतके टिकतो. तुम्ही पिवळट, कोरडा दगड पाहून 'संयत सौंदर्य' लिहाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

आता दुसरा प्रश्न, लिपी वाचता येत असताना शैली कशाला? याचे सर्वांत चांगले उत्तर खुद्द प्रोस्कुरियाकॉफ यांच्याच कामात आहे. लिपीचे कुलूप उघडण्यात त्यांच्या पाहण्याचा वाटा फार मोठा आहे.

1950 च्या दशकात प्रबळ मत असे होते की स्तंभांवरच्या आकृत्या देव किंवा अनामिक पुरोहित आहेत आणि मजकूर केवळ कालगणना व खगोल यांचा आहे. सर एरिक थॉम्पसन हे या मताचे मोठे नाव. बाईंच्या डोळ्यांसमोर पिएद्रास नेग्रासचे स्तंभ होते. ते विशिष्ट देवळांसमोर ओळीने, गटागटाने उभे केलेले होते. प्रत्येक गटाच्या आरंभी एकच दृश्य पुन्हापुन्हा येत होते: उंच मंचावरच्या कोनाड्यात बसलेला पुरुष, वर आकाशाचा पट्टा, खाली शिडी आणि तिच्यावर चढत गेलेल्या पावलांचे ठसे. 25, 6, 11 आणि 14 क्रमांकांचे स्तंभ या प्रकारचे. या दृश्याशी जोडलेली एक तारीख असे आणि तिच्यासोबत एक ठरावीक चिन्ह, ज्याला अभ्यासक दाताला फडके बांधल्यासारखे दिसते म्हणून 'दातदुखी' म्हणत. त्याच गटात त्याहून जुनी आणखी एक तारीख असे, तोंड वर केलेल्या बेडकाच्या चिन्हासह. या तारखांचे वाढदिवस त्या गटाच्या पुढच्या स्तंभांवर साजरे होत. नवा गट सुरू झाला की जुन्या तारखा पुन्हा कोणी काढत नसे.

देवाची तारीख अशी विसरली जात नाही. एकाही गटाचा पसारा माणसाच्या आयुष्याहून लांब नव्हता. बाईंनी 1960 मध्ये निबंध लिहून मांडले की बेडकाचे चिन्ह म्हणजे जन्म, दातदुखीचे म्हणजे राज्यारोहण, आणि एक गट म्हणजे एका राजाची कारकीर्द. त्यात एकही अक्षर ध्वनीने वाचलेले नव्हते. त्याआधी 1958 मध्ये हाइनरिख बर्लिन यांनी नगरा-नगराची राजचिन्हे ओळखली होती आणि लेनिनग्राडमध्ये युरी क्नोरोझोव्ह 1952 पासून ध्वनिवाचनाची वाट दाखवत होते. पण स्तंभांवरची माणसे जगलेली, राज्य केलेली माणसे आहेत, हे पहिल्यांदा दगडांची रांग आणि कोनाड्यातल्या पुरुषाची बैठक पाहून सिद्ध झाले. थॉम्पसन यांनीही नंतर ते मान्य केले.

त्याच निबंधातली एक गोष्ट मला सर्वांत जवळची आहे. लांब झग्यातल्या आकृत्यांना तोवर पुरोहित म्हणत. पिएद्रास नेग्रासच्या 3 क्रमांकाच्या स्तंभाच्या मागच्या बाजूला अशी एक आकृती सिंहासनावर बसलेली आहे आणि तिच्या बाजूला तशाच वेशातली एक छोटी आकृती. बाईंनी पोशाख, केस आणि सोबतच्या नावाआधी येणारे स्त्रीच्या चेहऱ्याचे चिन्ह एकत्र ठेवले आणि दाखवले की या स्त्रिया आहेत. आज मजकूर पूर्ण वाचता येतो. ही कातुन अहाव राणी, जन्म 674, नामान नावाच्या दुसऱ्या नगरातली. वयाच्या बाराव्या वर्षी तिचा पिएद्रास नेग्रासच्या राजपुत्राशी विवाह झाला. शेजारची तिची मुलगी, जन्म 708. स्तंभ 711 चा, म्हणजे मुलगी तीन वर्षांची. आई सिंहासनावर आणि लेक तिला बिलगून. साठ वर्षे छापील चित्रांत सगळ्यांना ही जोडी दिसत होती आणि कोणालाही ती आई-लेक वाटली नव्हती.

शैलीचा अभ्यास आज आणखी एका कारणाने अपरिहार्य आहे, आणि ते दुःखद आहे. 1960 च्या दशकात ग्वातेमालाच्या उत्तरेकडच्या पेतेनच्या जंगलात चोरांनी स्तंभ करवतीने कापले, दर्शनी बाजू पातळ पापुद्र्यासारखी उतरवली, तुकडे केले आणि विकले. क्लेमेन्सी कॉगिन्स या कलेतिहासकार बाईंनी 1969 मध्ये या व्यापाराची जाहीर नोंद केली. त्यातून उठलेल्या आवाजाचा 1970 च्या युनेस्को कराराला हातभार लागला आणि 1972 मध्ये अमेरिकेने अशा शिल्पांच्या आयातीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. ग्वातेमालातल्या माचाकिलाचा 2 क्रमांकाचा स्तंभ असाच कापून अमेरिकेत नेला होता. माया शिल्पांची नोंद करणारे संशोधक इयन ग्रॅहम यांनी तो जागेवर असताना नोंदवून ठेवला होता, म्हणून खटला उभा राहिला. पण ज्यांची अशी नोंदच नाही, त्या निराधार दगडांना गाव कोण मिळवून देणार? अनेकदा अक्षरांच्या वळणावरून, आकृत्यांच्या ठेवणीवरून आधी एक गट बांधला जातो. खासगी संग्रहांत विखुरलेल्या काही शिळा एकाच अज्ञात नगरातल्या आहेत हे 1970 च्या दशकात असेच ओळखले गेले. पुढे 2005 मध्ये ग्वातेमालातल्या ला कोरोना इथे त्याच मालिकेतली शिळा जागेवर सापडली आणि नगर निश्चित झाले.

आणि मजकूर सगळे सांगतो असेही नाही. 738 मध्ये ग्वातेमालातल्या किरिग्वाच्या राजाने आपल्या वरिष्ठ कोपानच्या राजाला पकडून मारले, हे लेखांतून कळते. त्यानंतर किरिग्वाने कोपानचीच स्तंभांची तऱ्हा उचलली आणि ती उंचीने मागे टाकायची ठरवली, हे फक्त शिल्प पाहून कळते. 771 चा तिथला ई स्तंभ जमिनीतल्या भागासह साडेदहा मीटरहून उंच आहे. कठीण वालुकाश्मात चेहरा खोल कोरला आहे, पण खालचे अंग मात्र उथळ. जिंकलेल्याने हरलेल्याची भाषा घेतली, आपल्या दगडाला झेपेल तेवढी.

मराठीत या विषयावर लिहिले की मयासुराचा प्रश्न येतोच, म्हणजे माया लोकांचे मूळ आपल्या पुराणांतल्या मयासुराशी, भारताशी जोडायचे का हा; म्हणून तोही घेतो. 1924 मध्ये ग्राफ्टन एलियट स्मिथ या शरीररचनाशास्त्रज्ञाने कोपानच्या बी स्तंभावर, 731 च्या, वरच्या कोपऱ्यांत भारतीय हत्तींच्या सोंडा आहेत असे मोठ्या ताकदीने मांडले आणि मायांचे मूळ आशियात शोधले. आज तोच दावा आपल्या समाजमाध्यमांवर फिरतो. प्रोस्कुरियाकॉफ यांच्या पद्धतीने पाहा. हत्तीचा डोळा म्हणतात त्याच्याभोवती पिसांच्या वलयासारखी खूण आहे, 'सोंडेच्या' मुळाशी नाकपुडी आहे, आणि तसेच डोके त्याच परिसरातल्या इतर शिल्पांत पूर्ण पक्ष्याच्या अंगावर सापडते. तो मकाव पोपट आहे. स्तंभावरचा मजकूरही मकाव पर्वताचाच उल्लेख करतो. सुटा तुकडा घेऊन त्याला दूरच्या देशातल्या तुकड्याशी जोडणे म्हणजे पाहणे टाळणे. मायांची थोरवी त्यांच्या जंगलातल्या पोपटात पुरेशी आहे, तिला आपल्या हत्तीची गरज नाही.

तुम्हाला स्वतः सुरुवात करायची असेल तर छायाचित्रावर काम करू नका. निदान नुसत्या छायाचित्रावर तरी नको. माध्यान्हीच्या उजेडात उठाव सपाट होतो. या विषयातली उत्तम छायाचित्रे तिरपा प्रकाश टाकून, बरीचशी रात्री घेतलेली आहेत. हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयाने 1968 पासून चालवलेल्या माया लेखसंग्रहात प्रत्येक दगडाचे छायाचित्र आणि रेखाटन शेजारी-शेजारी असते. ब्रिटिश संशोधक आल्फ्रेड मॉड्स्ले यांनी 1880-90 च्या दशकांत घेतलेले साचेही पाहा. त्यांचे चारशेहून अधिक ठसे ब्रिटिश म्युझियमजवळ आहेत, आणि काही मूळ दगड नंतर इतके झिजले की आज तपशील ठशातच जास्त दिसतो. एक नगर निवडा, पिएद्रास नेग्रास घ्या, त्याचे तारीखवार स्तंभ क्रमाने लावा आणि केवळ पावले स्वतःच्या हाताने काढा. मग केवळ कर्णभूषणे. मग पिसे. तारखा कागदाने झाकून रेखाटने पुन्हा मिसळा आणि क्रम लावून पाहा. जिथे चुकाल, तिथे दगड, नगर की जाणूनबुजून घेतलेले जुने वळण कारण आहे, ते शोधा. तेवढे झाले की मग लिपीची पुस्तके उघडा.